रेझिनची सुई आणि विदर्भाचं ऊन

विणकामाच्या सुईकडे सहसा कुणी बघत नाही, सगळे बघतात ते स्वेटरकडे. बाजारातली सुई करड्या रंगाची, ॲल्युमिनियमची. मागे टाके गळू नयेत म्हणून प्लॅस्टिकची गोळी, आणि त्या गोळीवर नंबर. गेल्या काही वर्षांत रेझिन ओतून वस्तू करायचं वेड घराघरांत शिरलं. कानातले झाले, किचेन झाले, लग्नाच्या हारातल्या पाकळ्या जपणारी तबकं झाली. मग विणणाऱ्यांनाही वाटू लागलं की आपल्या सुयाच अशा का असू नयेत? पारदर्शक दांडी, आत जरीचे धागे, पळसाची पाकळी, शाईचा निळा ढग. फोटोत अशी सुई फार देखणी दिसते. ती हातात घेऊन शंभर टाक्यांची ओळ विणायला लागलं की तिचा स्वभाव कळतो. वर्धा जिल्ह्यात बसून ती करायची म्हटलं, तर इथलं ऊन आणि इथला पाऊससुद्धा त्या कामात लुडबुड करतात.

सिंदी (रेल्वे) हे नागपूर–वर्धा लोहमार्गावरचं, बोरखेडी आणि तुळजापूर यांच्या मधलं स्टेशन. वर्धा शहराला चिकटून दुसरी सिंदी आहे, मेघ्यांची, म्हणून हिला रेल्वेची शेपटी लागली. भुसावळहून नागपूरपर्यंत रूळ १८६७ मध्ये पोचले आणि या पट्ट्यातला कापूस गाडीने जाऊ लागला. गावाचं नाव विदर्भात घेतलं जातं ते मात्र तान्ह्या पोळ्यासाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन निघतात, आणि सिंदीत तर मोठमोठे नंदी सजून बाहेर पडतात. लाकूड घासायचं, भेगा भरायच्या, रंगाचे हात द्यायचे, वर वॉर्निश मारायचं, हे इथल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. रेझिनच्या सुईला लागणारी अर्धी कारागिरी हीच.

उरलेली अर्धी, म्हणजे आपलं हत्यार आपण करायचं ही खोड, तीही या जिल्ह्याला जुनीच. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याचं बिऱ्हाड वर्ध्याच्या मगनवाडीत थाटलं गेलं. जे. सी. कुमारप्पांनी तिथे घाणी, चुली, चरखे, कागद असल्या गोष्टींवर वर्षानुवर्षं डोकं लढवलं. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं, तेही अशाच हत्यारांचं. त्याआधी १९२९ मध्ये चांगला चरखा करून देणाऱ्याला १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. त्या मंडळींना पेट्रोलियमपासून निघालेलं एपॉक्सी पसंत पडलं असतं असं मला मुळीच वाटत नाही. पण हत्याराचा माल, माप आणि भार यांचा हिशेब आधी मांडायचा ही त्यांची शिस्त रेझिनच्या सुईला नेमकी हवी असते, आणि हौशी मंडळी नेमकी तीच गाळतात.

रेझिन ही काही परकी चीज नव्हे. गोंदिया-गडचिरोलीकडच्या जंगलात पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे पोसतात. त्यांनी अंगाभोवती उभारलेलं कवच म्हणजे लाख, आणि लाख हे निसर्गाने केलेलं रेझिनच. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरची लाखेची चकाकी सगळ्यांनी पाहिली आहे. खरादावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. ब्रश लागत नाही, थिनर लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेच्या तारांवर थर द्यायला आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांना जगभर लाख लागत होती, आणि तिचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून व्हायचा. तिला पर्याय शोधता शोधता बेल्जियममध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या लिओ बेकलंड यांच्या हाती १९०७ मध्ये बेकेलाइट लागलं, पहिलं संपूर्ण कृत्रिम रेझिन. त्याआधीपासून युरोपात दुधातल्या केसीनपासून शिंगासारखं कडक प्लॅस्टिक होत होतं. बटणं, पेनं आणि विणकामाच्या रंगीत सुयाही त्याच्याच. म्हणजे शोभेची प्लॅस्टिक सुई शंभरेक वर्षांची म्हातारी आहे. फक्त ती तेव्हा कारखान्यात व्हायची. आज घरी वापरतात ते एपॉक्सी १९३०-४० च्या दशकांत स्वित्झर्लंड आणि अमेरिकेत आकाराला आलं. आपल्याकडे ते ॲरल्डाइट या नावाने घराघरांत पोचलं, दोन नळ्यांतलं, तुटलेला कप जोडणारं.

ओतायचं रेझिनही असंच दोन बाटल्यांतलं. एकीत एपॉक्सी, दुसरीत हार्डनर. हार्डनर म्हणजे अमाइन जातीचं रसायन. हे दोन्ही एकत्र आले की त्यांचे रेणू एकमेकांत गुंतून जाळं विणतात, द्रवाचा घन होतो आणि मग तो पुन्हा वितळत नाही. या जाळ्यात प्रत्येक हार्डनरच्या रेणूला आपली जागा ठरलेली असते. म्हणून लवकर सुकावं म्हणून हार्डनर सढळ हाताने ओतणं हा शुद्ध अडाणीपणा. जागा न मिळालेला हार्डनर आत तसाच पडून राहतो आणि सुई कायमची चिकट होते. प्रमाण मापाने आहे की वजनाने, हेही बाटलीवर नीट वाचावं. हार्डनर रेझिनपेक्षा हलकं असतं, तेव्हा मापाने २:१ आणि वजनाने २:१ या दोन वेगळ्या गोष्टी. सुईच्या मागची १६ मिमीची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची भरते. दोन गोळ्यांसाठी पाचच ग्रॅम कालवायला गेलात आणि काटा एका ग्रॅमने चुकवणारा असला, तर सगळं मुसळ केरात. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा खिशातला काटा घ्यावा. नाहीतर निदान तीसेक ग्रॅम कालवून उरलेल्याचे किचेन ओतावे.

आता सुईच्या हिशेबाकडे. आपल्या दुकानांत सुया अजून जुन्या ब्रिटिश नंबरांनी मिळतात आणि नंबर वाढला की सुई बारीक होते. १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, ८ नंबर म्हणजे ४ मिमी, शून्य नंबर ८ मिमी आणि तीन शून्य म्हणजे १० मिमी. बाळाचं टोपरं, मोजे १० किंवा ११ नंबरवर होतात, मोठ्या माणसाचा स्वेटर साधारण ८ ते १० वर. ज्या सुया घरात रोज लागतात त्या सगळ्या ४ मिमीच्या आतबाहेरच्या, हे ध्यानात ठेवून पुढे चला.

समजा, सुई एका टोकाला घट्ट धरली आणि तिथून २० सेंटिमीटर पुढे २०० ग्रॅम वजन टांगलं. अर्धा झालेला स्वेटर एवढा भार सहज देतो. ४ मिमीची ॲल्युमिनियमची सुई अशा वेळी टोकाला साधारण ६ मिमी झुकते. तेवढीच जाड बांबूची सुई पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास. आणि एपॉक्सीची? कागदावरचं गणित १४ सेंटिमीटर सांगतं. प्रत्यक्षात ती इतकी झुकेपर्यंत थांबायची नाही, तुटण्याच्या बेताला आलेली असेल. कारण साधं आहे. ताठपणाच्या मापात एपॉक्सी सुमारे ३ गिगापास्कलवर आहे, बांबू १५ च्या घरात, ॲल्युमिनियम ७० वर आणि पोलाद २०० वर. शोभेच्या रेझिनच्या जाहिरातीत स्फटिकासारखी पारदर्शकता, चमक, पिवळं न पडणं, सगळं लिहिलेलं असतं. ताठपणाचा हा आकडा मात्र कुणी छापत नाही.

यातून सुटायचा एक रस्ता भूमिती देते. गोल दांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास दुप्पट केला की ताठपणा १६ पट. त्यामुळे ८ मिमीची रेझिन सुई त्याच भाराखाली ९ मिमीच झुकते आणि १० मिमीची साडेतीन-चार मिमी. म्हणजे शून्य नंबरपासून पुढच्या जाड सुया नुसत्या रेझिनच्या करायला काही हरकत नाही. जाड लोकरीचा मफलर, सैल जाळीची शाल, उशीचा अभ्रा या कामाला त्या छान चालतात. टोपऱ्याची १० नंबरची सुई रेझिनची करण्याचा हट्ट मात्र सोडावा. सौंदर्यासाठी एवढी तडजोड करण्यात काही अर्थ नाही, कारण झुकणाऱ्या सुईवर टाके सारखे पडत नाहीत आणि मनगट दुखतं ते वेगळंच.

मधल्या मापांसाठी पोटात काठी घालता येते. वेल्डिंगवाल्यांच्या सामानाच्या दुकानात आर्गॉन वेल्डिंगची स्टेनलेस कांडी मिळते, सरळसोट, मीटरभर लांब, २.४ किंवा ३.२ मिमीची. ६ मिमीच्या रेझिन दांडीच्या बरोबर मध्यातून ३.२ मिमीची कांडी गेली की ती सुई ४ मिमीच्या ॲल्युमिनियमपेक्षाही कमी झुकते. दंड वजनाचा भरावा लागतो. ३५ सेंटिमीटरची अशी सुई ३० ग्रॅमच्या आसपास जाते, तर ॲल्युमिनियमची ४ मिमीवाली १२ ग्रॅमची. दोन्ही हातांत मिळून ६० ग्रॅम घेऊन संध्याकाळभर विणणं ज्याला त्याला झेपेल असं नाही. कांडी मध्यातून ढळली, तर एका बाजूने रेझिनचा पापुद्रा राहतो आणि पहिल्यांदा पडली की तिथेच टवका उडतो.

तेव्हा माझ्या मते शहाणपणाचा मार्ग तिसरा. दांडी बांबूची किंवा ॲल्युमिनियमची ठेवायची, आणि रेझिनची सगळी हौस मागच्या गोळीवर फेडायची. टाके अडवणे एवढंच गोळीचं काम, त्यावर भार जवळजवळ नाही, आणि विणताना सगळ्यांची नजर जाते तीही तिथेच, कारण ती हातासरशी हवेत नाचत असते. बांबू तर चंद्रपूर-गडचिरोलीचा, घरचाच. त्याच्या पेरातली पट्टी उभी चिरून, सालीकडचा भाग ठेवून गोल तासली की तिच्यातले सगळे धागे टोकापासून टोकापर्यंत सरळ धावतात. म्हणून बारीक असूनही ती चिवट राहते.

आता पुन्हा हवामानाकडे. बाटलीवर लिहिलेलं असतं, काम करायचा वेळ ४० मिनिटं. ही चाळीस मिनिटं २५ अंश तापमानाची. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की वेळ निम्मा होतो. ३५ अंशांना २० मिनिटं, ४५ अंशांना १०. नागपूरच्या वेधशाळेत २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली. वर्धा जिल्ह्याचा मे काही त्याहून मवाळ नसतो. अशा दिवशी टिनाच्या छपराखाली रेझिन कालवायला घेतलं, तर रंग निवडेपर्यंत पेला हातात तापतो. त्यात आणखी एक मेख आहे. रेझिन आणि हार्डनर यांच्या अभिक्रियेतून स्वतःचीच उष्णता निघते. पेल्यात सगळा माल एका जागी असल्याने ती बाहेर पडू शकत नाही, माल आणखी तापतो, अभिक्रिया आणखी पळते आणि शेवटी प्लॅस्टिकचा पेला वाकतो, धूर निघतो, आत पिवळा, भेगाळलेला दगड उरतो. तोच माल बारीक दांडीच्या साच्यात ओतला तर उष्णता चहूबाजूंनी निघून जाते आणि तो शांतपणे घट्ट होतो. म्हणून कालवलं की पेल्यात रेंगाळू द्यायचं नाही, ताबडतोब साच्यात घालायचं.

थंडीत याच्या नेमकं उलट. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. एवढी नाही तरी डिसेंबर-जानेवारीतली विदर्भाची रात्र सहज दहा-बाराला येते. बारीक सुईत माल थोडा, स्वतःची ऊब नाही, वर बाहेरचा गारठा. दोन दिवसांनी साचा उघडावा तर सुई अजून रबरासारखी. बाटलीतलं रेझिनसुद्धा थंडीत थिजलेल्या तुपासारखं दाणेदार, पांढुरकं होतं. लोक ते खराब झालं म्हणून फेकून देतात. खरं तर बाटली ५० अंशांच्या कोमट पाण्यात तासभर उभी ठेवली की दाणे विरघळतात आणि माल पहिल्यासारखा होतो.

मग मे महिन्यात कूलर लावून काम करावं? इथेच वैदर्भीय माणूस फसतो. कूलर हवा थंड करतो तो तिच्यात पाणी मिसळून. हार्डनरमधल्या अमाइनला हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड भेटले की पृष्ठभागावर पांढुरका, ओशट, चिकट थर जमतो. पावसाळ्यात, म्हणजे नेमकं पोळ्याच्या सुमाराला, हाच थर न बोलावता येतो. त्यावर दुसरा थर ओतला तर तो धरत नाही. उपाय साधाच, घट्ट झाल्यावर कोमट साबणाच्या पाण्याने खसखसून धुवायचं आणि मग घासायचं. सगळा मेळ घातला, तर सिंदीत रेझिन ओतण्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. वेळ सकाळी अकराची, खोली २५ ते २८ अंशांवर आलेली, आणि साचा रात्री गोधडीत गुंडाळून ठेवलेला.

उन्हाळ्याचा एक फायदाही आहे. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेलं एपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे किंवा टिनाखालच्या फळीवर ठेवलेली देखणी सुई संध्याकाळी धनुष्य होऊन मिळते. हे टाळायचं तर घट्ट झालेली सुई एकदा मुद्दाम तापवावी लागते, चार-पाच तास, ६० अंशांच्या आसपास, आणि तापत असताना ती सरळ पट्टीला बांधलेली असावी. उष्णतेने रेणूंचं राहिलेलं गुंतणं पुरं होतं आणि पुढे मऊ पडायची सीमा वर सरकते. काळी ट्रे, वर काच, आत थर्मामीटर आणि वैशाखाचं ऊन. वीज लागत नाही. काच थोडी उघडी ठेवावी, नाहीतर पेटी साठच्या फार पुढे जाते. वाकलेली सुई टाकून द्यायचंही कारण नाही. गरम पाण्यात मऊ करून सपाट फरशीवर लाटली आणि तशीच थंड होऊ दिली की ती पुन्हा सरळ होते.

आत काय घालायचं, हा या कामातला सगळ्यात मजेचा भाग, आणि वर्धा जिल्ह्यात पहिलं सुचतं ते कापूस. बोंडातला शुभ्र पुंजका स्वच्छ गोळीत बसवायचा, याहून या मातीची खूण ती कोणती? घालून बघा. रेझिन मुरत जाईल तसा कापूस डोळ्यांदेखत विरत जातो आणि शेवटी धुरकट सावली तेवढी उरते. कापसाचा पांढरा रंग मुळात कापसात नसतोच. कापसाचा धागा पारदर्शक सेल्युलोजचा, त्याच्या भोवती हवा. प्रकाश हवेतून धाग्यात आणि धाग्यातून हवेत जाताना दर वेळी वळतो, परततो, विखुरतो, आणि त्या विखुरण्याला आपण पांढरं म्हणतो. सेल्युलोजचा अपवर्तनांक १.५५ च्या आसपास, एपॉक्सीचाही तेवढाच. हवेची जागा रेझिनने घेतली की प्रकाशाला सीमाच कळत नाही, तो सरळ निघून जातो. ओल्या धोतरातून अंग दिसतं ते याच कारणाने, फक्त पाण्याचा अंक १.३३, म्हणून तिथे काम अर्धवट होतं. कापूस दिसायलाच हवा असेल तर तो आधी रंगवून घ्यावा. रंगाचे कण प्रकाश शोषतात, त्यांना अपवर्तनांकाशी देणंघेणं नाही. पांढराच हवा तर पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा पातळ हात द्यावा. आणि पुंजका थेट बुडवू नये. आधी थोड्या रेझिनमध्ये चिंब करून दाबून हवा काढावी, नाहीतर वर्षभर बुडबुडे मोजत बसावं लागतं.

पळस फाल्गुनात फुलतो, म्हणजे हंगामाच्या अगदी शेवटी. पाकळी ओली घातली तर आतल्या पाण्यामुळे तिच्याभोवती बुडबुड्यांची झालर येते आणि पाकळी तपकिरी पडते. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या फोडून त्यात पाकळ्या आठवडाभर पुराव्यात, कुरकुरीत झाल्या की मगच वापराव्यात. हळदीचा पिवळा रंग मोह घालतो, पण तिथे दोन फटके आहेत. हार्डनर अल्कधर्मी. चुन्याने हळदीचं कुंकू होतं तशीच हार्डनरने तिला तांबूस झाक येते, आणि उरलासुरला रंग ऊन खाऊन टाकतं. अभ्रकाची चमकी, जरीचे कात्रण, तांब्याची तार हे सगळं मात्र निर्धोक. जरीचा काठ कापून घालताना धाग्यांची टोकं बाहेर येऊ देऊ नयेत. तिथे लोकर अडकते.

गोळी ओतायला दागिन्यांचा गोल सिलिकॉन साचा चालतो. सिलिकॉनला रेझिन चिकटत नाही, ही त्याची सगळी किमया. बांबूच्या दांडीची मागची दीड-दोन सेंटिमीटर जागा खरखरीत पॉलिश पेपरने घासून, करवतीच्या पात्याने तिच्याभोवती एक-दोन खाचा पाडाव्यात. रेझिन त्या खाचांत उतरून बसतं, मग गोळी फिरत नाही आणि निखळत नाही. साचा खाली, दांडी त्यात उलटी उभी, आणि ती बरोबर ओळंब्यात राहावी म्हणून वर पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून अडकवलेली. रेझिन सुईशिवायच्या सिरिंजने तळापासून वर भरत यावं. वरून धार धरली की धारेबरोबर हवा आत जाते. अक्खी जाड दांडी ओतायची तर साचा उभा आणि लांब लागतो. मूळ दांडी म्हणून काचेसारखी घासलेली लाकडी काठी घ्यायची, तिच्याभोवती दोन भागांचं ओतीव सिलिकॉन ओतायचं, काठी काढली की साचा तयार. काठीवरचा प्रत्येक ओरखडा सुईवर उमटतो, तेव्हा सगळी मेहनत काठीवर करावी. पूर्वी कुणी शरबताच्या प्लॅस्टिक नळ्या साचा म्हणून वापरायचे. १ जुलै २०२२ पासून त्या बंदीच्या यादीत गेल्या, आणि तसंही त्यांत ओतलेली सुई सरळ निघत नसे.

ओतलेली सुई साच्यातून निघते तेव्हा ती सुई नसते, नुसती कांडी असते. ड्रिल मशीनच्या जबड्यात धरून तिला फिरवायचं आणि ओला वॉटर पेपर लावायचा. आधी २२०, मग ४००, ६००, १०००, आणि हौस असेल तर २०००. ड्रिल विजेवरचं असेल तर पाणी बेताने, फडक्याने लावावं आणि हात कोरडे ठेवावेत. नाहीतर बॅटरीचं ड्रिल बरं. गाडीच्या रंगाला लावतात त्या रबिंग पॉलिशने शेवटचा हात फिरवला की काचेची चकाकी येते. टोकाचा उतार दोन सेंटिमीटरभर लांब आणि संथ ठेवावा, टोक गोलसर. अणकुचीदार रेझिन पहिल्याच दिवशी तुटतं. नायलॉनचा जुना मोजा दांडीवरून सुलट-उलट दोन्हीकडे ओढून पाहावा. कुठे धागा अडकला नाही, तर लोकरही अडकणार नाही.

हात लावायच्या आधी एक गोष्ट. कच्चं रेझिन आणि विशेषतः हार्डनर कातडीला सोसत नाही. एकदा त्याची ॲलर्जी बसली की जन्माची सोबत करते. नायट्राइलचे हातमोजे, खिडकी उघडी, घासताना ओलं करून घासणं आणि तोंडावर नुसत्या रुमालाऐवजी धुळीचा चांगला मास्क. स्वयंपाकातला पेला-चमचा या कामाला आणू नये आणि आणलाच तर परत नेऊ नये. फायबरच्या टाक्या करणाऱ्यांकडचं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण त्याचा वास घरात टिकू देत नाही आणि ते आटतंही जास्त, ६ ते ८ टक्क्यांपर्यंत. एपॉक्सीचं आटणं १-२ टक्क्यांवर थांबतं. घरात एपॉक्सीच बरं.

विणायला बसल्यावर रेझिनचा आणखी एक गुण कळतो. धातूवरून लोकर सुळकन निसटते, बांबू ती धरून ठेवतो, रेझिन या दोहोंच्या मधे कुठेतरी. नवशिक्याला ही मधली पकड बरी वाटते, कारण टाके आपोआप गळत नाहीत. पण दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते, आणि डिसेंबरच्या कोरड्या हवेत ॲक्रिलिक प्लॅस्टिकवर घासलं की वीज जमते. अंधारात चटचट आवाज येतो, केस उभे राहतात, धागा दांडीला चिकटतो. सुईवरून ओलसर फडकं फिरवलं की तासभर शांतता.

दोन सुया एकाच पेल्यातल्या रेझिनच्या, एकाच दिवशी, एकाच काठीवरून केलेल्या दोन साच्यांत लागोपाठ ओतलेल्या असाव्यात. नाहीतर एकीचा निळा दुसरीशी जुळत नाही, आणि घासताना एक ८ मिमीला थांबते, दुसरी पावणेआठला. सुलट ओळ एका सुईवर आणि उलट ओळ दुसरीवर पडत असल्याने एवढासा फरकही विणीत आडव्या पट्ट्या काढतो. व्हर्नियरने दोन्ही दांड्या टोकापासून गोळीपर्यंत तीन-चार जागी मोजाव्यात. मग गोळी ओतण्यापूर्वी मापाचा आकडा कागदाच्या बारीक कपट्यावर काळ्या शाईने लिहून आत घालावा. कागदही सेल्युलोजचाच, तो रेझिनमध्ये विरून जातो, आणि गोळीच्या पोटात नुसता आकडा तरंगत राहतो.